हौसेला मोल नसते. नजर मात्र कमवावी लागते

मांडवीवर आषाढाचा पाऊस कोसळत असतो. चोडणहून निघालेली फेरीबोट रायबंदरच्या धक्क्याला लागते आणि रेनकोट घातलेले दुचाकीस्वार एकामागून एक उतरू लागतात. आडोशाला कॅमेरा सांभाळत उभ्या असलेल्या हौशी छायाचित्रकारापुढे त्या क्षणी एक साधाच प्रश्न असतो : शटर किती वेळ उघडे ठेवायचे? सेकंदाचा हजारावा भाग ठेवले, तर थेंब हवेत थिजल्यासारखे सुटे सुटे दिसतील. तिसावा भाग ठेवले, तर त्याच थेंबांच्या रेघा होतील आणि चालत्या माणसांच्या कडा किंचित विरघळतील.

हिशेब अवघड नाही. टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ८ ते ९ मीटर वेगाने खाली येतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटरही सरकत नाही. तिसाव्या भागात मात्र जवळजवळ ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर अंतर कापतो. पहिले छायाचित्र स्पष्ट, म्हणून तेच अधिक खरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण माणसाच्या डोळ्याला कोसळता पाऊस थेंबांनी दिसत नाही, रेघांनी दिसतो. लहान मूल पाऊस काढते तेव्हा रेघाच ओढते. स्पष्टता ही सत्याची खूण नव्हे. ती एक निवड आहे आणि धूसरताही तशीच निवड आहे. ती निवड स्वतःच्या आवडीने झाली, दुसऱ्याचे पाहून झाली, की यंत्रानेच परस्पर केली, हा या छंदातला खरा प्रश्न होय.

फोकस कोणी ठरवायचा?

हा प्रश्न छायाचित्रणाच्या बालपणापासूनचा आहे. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला तो १८६३च्या अखेरीस, त्यांच्या वयाच्या ४८व्या वर्षी. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत असताना त्यांनी शास्त्रज्ञ हर्शल, कवी टेनिसन, चार्ल्स डार्विन यांच्यापासून घरातल्या मोलकरणींपर्यंत अनेकांना कॅमेऱ्यासमोर बसवले. भिंग जुळवताना चेहरा मनाला भावेल असा दिसू लागला, की त्या तिथेच थांबत. रेषान्‌रेषा ठसठशीत होईपर्यंत पुढे जात नसत. तत्कालीन छायाचित्रण संस्थांतील जाणकारांनी त्यांची चित्रे सदोष ठरवली. त्यावर त्यांनी हर्शल यांना लिहिलेल्या पत्रात उलटा प्रश्न केला होता : फोकस म्हणजे काय आणि योग्य फोकस कोणता, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

आरंभी ही धूसरता योगायोगाने आली, हे कॅमेरॉन यांनी स्वतःच नोंदवले आहे. महत्त्वाचे ते त्यापुढचे. योगायोगाने आलेली गोष्ट आपल्याला का आवडली हे त्यांनी ओळखले आणि नंतर ती जाणीवपूर्वक केली. चूक आणि शैली यांच्यात एवढेच अंतर असते. पण ते कापायला वर्षे लागतात.

पुढे हीच धूसरता सरसकट फॅशन झाली आणि चित्रकलेची नक्कल करणारी छायाचित्रे उदंड निघू लागली. तेव्हा प्रतिक्रियाही तितकीच तीव्र उमटली. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘एफ/६४’ हा गट स्थापन केला. एफ/६४ म्हणजे भिंगाचे अतिशय लहान छिद्र; ते वापरले, की जवळचे आणि दूरचे सारे काही रेखीव उमटते. गटाचे नावच त्यांच्या आवडीचा जाहीरनामा होते.

पण रेखीवपणासुद्धा आपोआप येत नाही. वेस्टन यांनी १९३० साली एक सिमला मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. प्रत्येक वळण स्पष्ट यावे म्हणून छिद्र इतके लहान ठेवले, की पुरेसा प्रकाश मिळण्यासाठी शटर बराच वेळ उघडे राहिले. पावसाच्या रेघा टिपणारा जे दीर्घ एक्स्पोजर वापरतो, तेच येथे काटेकोर स्पष्टतेसाठी कामी आले. तंत्र एकच, हेतू परस्परविरुद्ध. म्हणून एखादे तंत्र ‘कलात्मक’ आणि दुसरे ‘साधे’ अशी विभागणी टिकत नाही.

तंत्रामागचे कारण

सत्तरीतील घोडेमोडणी पाहावी. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, हातात तलवार उगारलेला नर्तक ढोलाच्या तालावर पुढे-मागे झेपावतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवले, तर वेशभूषेचा प्रत्येक बारकावा मिळतो. ताल मात्र हरवतो. पंधराव्या भागावर ठेवून कॅमेरा नर्तकाच्या गतीने फिरवत नेला, तर मागची गर्दी आडव्या पट्ट्यांत विरते आणि साधले तर चेहरा तेवढा ओळखीचा राहतो. या तंत्राला पॅनिंग म्हणतात. वीसातली अठरा छायाचित्रे वाया जातात. उरलेल्या दोहोंत ढोल ऐकू येतो.

अर्न्स्ट हास या व्हिएन्नात जन्मलेल्या छायाचित्रकाराने १९५०च्या दशकात स्पेनमधील बैलझुंजी अशाच संथ शटरने टिपल्या. त्या काळच्या रंगीत फिल्मची संवेदनक्षमता फार कमी असे. त्यामुळे संथ शटर ही पुष्कळदा अडचण ठरे. हास यांनी त्या अडचणीचीच भाषा केली. १९६२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले.

वाहत्या पाण्याचे दूध करणारे छायाचित्र हे आजच्या हौशी मंडळींचे लाडके. भिंगावर गडद काचेचा एनडी फिल्टर लावला, की प्रकाश घटतो. दहा टप्प्यांचा फिल्टर सुमारे हजारातला एकच भाग आत सोडतो. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाचे काम १७ सेकंदांवर जाते आणि त्या अवधीत पाणी मऊ पांढरे होते. दूधसागरला हे शोभते, कारण कॅमेरा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या नजरेने त्या धबधब्यात दूध पाहिले आणि तसे नाव ठेवले. तेथे फिल्टर लोकांच्या नजरेला दुजोरा देतो. पण गावच्या खळाळत्या ओहोळाचे सौंदर्य त्याच्या खळाळण्यातच असेल, तर तेच दूध तेथे उसने वाटते. तंत्र वापरता येते, एवढे कारण ते वापरण्यास पुरेसे नसते.

यंत्राचीही आवड असते

उसनी आवड केवळ इतरांकडूनच येते असे नाही. खिशातला स्मार्टफोन एका टिचकीत अनेक छायाचित्रे घेतो, त्यांचा मेळ घालतो, सावल्या उजळतो, आकाश गडद करतो. तिन्हीसांजेचे अंगण, तुळशीपुढची एकच पणती आणि भोवतीचा काळोख, असे दृश्य टिपावे, तर फोन तो काळोखच पुसून टाकतो. दृश्य सुबक होते. पण ज्या काळोखासाठी फोन उचलला, तोच नाहीसा होतो. काळोख म्हणजे दोष, असे फोन घडवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. अशा वेळी पडद्यावर पणतीच्या ज्योतीवर बोट ठेवून प्रकाशमान कमी करणे किंवा रात्रीसाठीची स्वयंचलित सोय बंद करणे, एवढी लहानशी कृतीही निर्णय पुन्हा माणसाच्या हाती आणते.

आवड कशी ओळखावी?

आवड आधी ठरवून मिळत नाही. काम साठल्यावर ती मागे वळून पाहताना दिसते. वर्षभरातली वीस छायाचित्रे निवडून छापून घ्यावीत आणि टेबलावर पसरावीत. कोणाला किती पसंती मिळाली हे बाजूला ठेवावे. काय वारंवार येते? पाठमोरी माणसे, ओल्या भिंती, रिकामी बाकडी, की खिडकीतला उजेड? जे न ठरवता परत परत आले, तेथे स्वतःची नजर आहे. एकाच भिंगावर महिनाभर काम करणे, टिपलेले छायाचित्र काही आठवडे न पाहणे, या जुन्या सवयीही याच कामी येतात. धूसर छायाचित्राला एकच कसोटी लावावी : तेच पुन्हा करता येईल का आणि ते तसे का केले हे सांगता येईल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो योगायोग समजावा. तो टाकून देऊ नये. त्याचा अभ्यास करावा.

एक भान मात्र सुटता कामा नये. हौशी माणूस ज्यांची छायाचित्रे काढतो, ती बहुधा त्याचीच माणसे आणि त्याचेच गाव असते. बाल्कांववर बसलेली आजी, कौले उतरवण्यापूर्वीचे जुने घर, पूल झाल्यावर थांबणारी फेरी, यांच्याकडे पुढची पिढी शैली म्हणून पाहणार नाही; ती चेहरा शोधेल. म्हणून अशा ठिकाणी आधी एक स्वच्छ, स्थिर छायाचित्र घ्यावे आणि त्यानंतर शटर हवे तितके संथ करावे. पहिले छायाचित्र घरासाठी; दुसरे स्वतःसाठी. हौसेला मोल नसते हे खरेच. पण आपण काय पाहिले आणि ते कोणासाठी टिपले, याचे उत्तर ज्याच्यापाशी असते, त्याचीच हौस काळाच्या ओघात ठेवा होऊन उरते.