ग्राफीनच्या पटलावर एक हायड्रोजन अणू

विद्युत्भार हा इलेक्ट्रॉनचा जो गुण, त्यावरच आजवरच्या इलेक्ट्रॉनिकीचा सारा कारभार चालत आला आहे. परंतु त्याच इलेक्ट्रॉनच्या ठायी स्पिन नावाचा दुसराही एक गुण उपजत असतो, त्यामुळे तो अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो, आणि मोजू जाता त्याची दिशा 'वर' किंवा 'खाली' या दोहोंपैकी एकच आढळते. या दोन दिशांच्या भाषेत माहितीची नोंद व वाहतूक करावी, हा स्पिन्ट्रॉनिक्स या शास्त्राचा मूळ संकल्प होय. १९८८ साली आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी ज्या चुंबकीय परिणामाचा शोध लावला, त्याने संगणकाच्या हार्ड डिस्कचे वाचन पालटून टाकले, आणि २००७ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

स्पिनची दिशा न बदलता ती दूरवर पोचवील असा पदार्थ मात्र दुर्मीळच. आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली मँचेस्टर येथे ग्रॅफाइटपासून साध्या चिकटपट्टीने अलग केलेले ग्राफीन, म्हणजे कार्बनचे एकाच अणूइतक्या जाडीचे षट्कोणी पटल, या कामी विशेष योग्य ठरले; कारण कार्बनचा अणू हलका असल्यामुळे इलेक्ट्रॉनची गती त्याच्या स्पिनला फारशी ढळवीत नाही, आणि निसर्गातील सुमारे ९९ टक्के कार्बन-अणूंच्या केंद्रकाला स्वतःचा स्पिनच नसतो. २००७ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात बार्ट व्हान वेस यांच्या गटाने सामान्य तापमानालाच ग्राफीनमधून स्पिन काही मायक्रोमीटर अंतर वाहून नेऊन दाखविले.

परंतु जो पदार्थ स्पिनच्या वाटेला जात नाही, तो स्पिनवर हुकमतही चालवू शकत नाही. शुद्ध ग्राफीनला ना स्वतःचे चुंबकत्व, ना स्पिन वळविण्याचे सामर्थ्य. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यावर परके अणू बसविण्याची तजवीज करावी लागते, आणि त्यांत सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा.

ग्राफीनमधील कार्बन-अणू बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे दोन गटांत वाटलेले असून एका गटातील अणूचे तिन्ही शेजारी दुसऱ्या गटातले असतात. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन या शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंततात, चौथा पटलभर मोकळा वावरतो. हायड्रोजनचा अणू येऊन एखाद्या कार्बनशी बांधला गेला, की तो कार्बन पटलातून किंचित वर उचलला जातो, त्याचा चौथा इलेक्ट्रॉन त्या बंधात अडकतो, दोन गटांचा समतोल मोडतो, आणि समोरच्या गटात एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो; त्याचा स्पिन हेच नवे चुंबकत्व. माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठात इव्हान ब्रिह्वेगा व सहकाऱ्यांनी २०१६ साली हे प्रत्यक्ष दाखविले: एकाच अणूने उत्पन्न केलेले चुंबकत्व अनेक नॅनोमीटर पसरलेले दिसले, आणि सूक्ष्मदर्शकाच्या सुईने हायड्रोजन-अणू हलविले असता, जवळचे दोन अणू एकाच गटावर असताना चुंबकत्व टिकले, भिन्न गटांवर असताना ते लोपले.

अणूने कार्बनला असे वर उचलल्यामुळे गती आणि स्पिन यांतील बंधही बळावतो, असे कास्त्रो नेटो व गिनेआ या भौतिकशास्त्रज्ञांनी २००९ साली गणिताने मांडले. २०१३ साली सिंगापूरमधील प्रयोगांनी त्यास पुष्टी दिल्याचे जाहीर झाले, तरी तशा मापनांच्या अर्थाविषयी पुढे मतभेद झाले. शिवाय या लाभाचा मोबदलाही द्यावा लागतो. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे रोलंड कावाकामी यांच्या गटाला २०१२ साली असे आढळले, की हायड्रोजनने निर्माण केलेले हेच सूक्ष्म चुंबक वाहत्या स्पिनची दिशा विसकटून टाकतात. म्हणजे जो अणू ग्राफीनला स्पिनवर अधिकार बहाल करतो, तोच त्याची वहनक्षमता घटवितो.

म्हणूनच किती अणू घातले यापेक्षा ते कोणत्या जागी घातले, हा प्रश्न या शास्त्रात निर्णायक आहे. माद्रिदचा प्रयोग निर्वात व अतिशीत परिस्थितीत, एकेक अणू हाताळून झाला. तीच अचूकता सामान्य तापमानाला आणि विस्तीर्ण पटलावर साधल्याखेरीज या विद्येतून उपयुक्त उपकरण घडणार नाही. मात्र पदार्थाचे चुंबकत्व एका अणूच्या जागेवरून ठरविता येते, हे तत्त्व आता निर्विवाद सिद्ध झाले असून, पुढील परिश्रमांना तेवढा आधार पुरेसा आहे.