यमाचा दरबार : भिंतीवरचा आणि रेशमावरचा

नशिराबादच्या माणसाला अजिंठा परका नाही. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या या लेण्यांतील १७ वे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिकाने कोरविले. तो ऋषिक देशाचा, म्हणजे खानदेशाचाच अधिपती असावा, असे काही अभ्यासक मानतात. त्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर एक भव्य चक्र रंगविलेले आहे. पूर्वी त्याला राशिचक्र समजत. वस्तुतः ते भवचक्र आहे. स्वर्ग, नरक, मनुष्यलोक अशा गतींतून फिरणारा जीव त्यात दाखविला आहे. असे चित्र विहाराच्या दारी काढावे आणि आल्यागेल्याला ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा, असा विनयग्रंथाचा दंडक होता.

हीच कल्पना चीनमध्ये पोहोचली, तेव्हा तिने सरकारी कचेरीचे रूप घेतले. तेथील रेशमी पटांवर यम हा दहा न्यायाधीशांपैकी केवळ पाचवा. दर सातव्या दिवशी एक, अशा ४९ दिवसांत सात पेशी. मग शंभरावा दिवस, पहिले वर्ष आणि तिसरे वर्ष. समोर मेज, शेजारी वह्या घेतलेले कारकून. आपला दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि चित्रगुप्ताची वही आठवल्यावाचून राहत नाही.

तुन्हुआंगच्या गुहेत शतकानुशतके बंद राहिलेले असे पट १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी बाहेर नेले. क्षितिगर्भ बोधिसत्त्व व दहा राजे यांचा पट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मोहिमेच्या खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थान सरकारचा असल्याने तुन्हुआंगच्या चित्रांचा एक भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आला.

रेशीम गुंडाळून नेता येते, भिंत नेता येत नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहालयासाठी म्हणून या चक्रातील चार आकृती सोलून काढल्या; गिलावा तो, त्याचा भुगा झाला. चिनी पट वाचले, पण ज्या मृतासाठी ते टांगले गेले त्याचा विधी मागे राहिला. अजिंठ्याचे चक्र जागेवर आहे, पण भंगलेले.

उरले आहे ते जपणे हे पुरातत्त्व खात्याचे काम. समजावून सांगणे मात्र खात्याचे नव्हे. खानदेशातील शाळांच्या सहली त्या ओसरीतून घाईने आत जातात. शिक्षकांनी तेथे दहा मिनिटे थांबावे. विनयग्रंथाने नेमलेल्या त्या भिक्षूची जागा रिकामी आहे, आणि ती भरण्यास सरकारी मंजुरी लागत नाही.