तक्रार पुढे, नाव मागे

सकाळी 9:30

शिपाई मामांची वेळ साडेनऊची, आमची पावणेदहाची. पाच दिवसांचा आठवडा 2020 मध्ये आला तेव्हापासून हे घड्याळ. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र मी मामांबरोबरच येते. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो आणि फलकावर यादी लावायची असते.

पूर्वीची यादी चार रकान्यांची असे: अर्जदाराचं पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर आणि तक्रारीचा विषय. 'पतीने दुसरे लग्न केल्याने शिधापत्रिका विभक्त करणेबाबत' हा सुद्धा विषयच. व्हरांड्यातला चहावाला, वकिलांचे कारकून, सेतूत दाखल्याला आलेली कॉलेजची पोरं, सगळे ती उभ्या उभ्या वाचत आणि एखादा मोबाइलवर फोटो काढून नेत असे. आता फलकावर टोकन क्रमांक, विभाग आणि अंदाजे वेळ एवढंच असतं. टोकन पोचपावतीवर लिहिलेलं असतं, त्यामुळे आपली पाळी कधी हे ज्याचं त्याला कळतं. या बदलासाठी कुठला शासन निर्णय लागला नाही. चारही रकाने गाळायचे होते, गाळले.

सकाळी 9:45

बारनिशीत टपाल फुटायला लागलं. गटार तुंबल्याची तक्रार, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. रस्त्यावरचा दिवा बंद, सोबत आधार, रेशन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. आम्ही यातलं काही मागत नाही. पण कागद जेवढे जास्त तेवढा अर्ज भक्कम, ही समजूत पक्की आहे, आणि ती लोकांनी घरी बसून केलेली नाही. वर्षानुवर्षं आमच्याच खिडक्यांवर 'अजून एक कागद आणा' ऐकून झालेली आहे. समोर माणूस असेल तर नको असलेला कागद तिथल्या तिथे परत द्यायचा, असा आमच्या टेबलाचा शिरस्ता. तो परत घेताना लोकच कचरतात. "असू द्या ताई, पुढं लागला तर?"

पोस्टाने आलेल्यांचं काय करायचं? क्रमांक झाकायचा. आधारचे पहिले आठ आकडे काळे, शेवटचे चार उघडे. आधार प्राधिकरण जी झाकलेल्या क्रमांकाची प्रत देतं तिच्यातही हीच रीत. नवीन पोरं उत्साहाने मार्कर फिरवतात आणि कागद पुढे ढकलतात. तो कागद खिडकीसमोर धरला की आकडे स्वच्छ दिसतात. म्हणून काळ्या केलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि पुढे जायची ती दुसरी प्रत. संगणकावरही तीच गत. पीडीएफमध्ये काळी चौकट टाकली तरी खालची अक्षरं कॉपी होऊन बाहेर येतात. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करणं हा गावठी उपाय आहे, पण तो चालतो.

एक सीलबंद पाकीट निघालं, वर नुसतं 'गोपनीय'. आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यातही तेवढंच लिहायचं आणि पाकीट न फोडता साहेबांकडे. अशी पाकिटं बहुतेक वेळा कामाच्या ठिकाणी छळ झालेल्या बायकांची असतात. 2013 च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने त्यांचं नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर, काहीच उघड करता येत नाही. माहिती अधिकारात मागितलं तरीही नाही. त्यामुळे पाकिटावर कुणी आपणहून 'छळाबाबत' असं लिहिलं असलं, तरी मी ते नोंदवहीत उतरवत नाही.

सकाळी 10:30

'आपले सरकार'वर रात्रीतून आलेल्या तक्रारी उतरवून घ्यायच्या. 2015 पासून हे काम चालू आहे. पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड चिकटवलेला असायचा, तो गेल्या वर्षी मीच काढला. लगेच दोघांनी येऊन विचारलं, "मॅडम, आता आम्ही कसं उघडायचं?" म्हणजे एकाच्या नावाने तिघं काम करत होते. उद्या कुणी एखादी तक्रार छापून बाहेर नेली असती तर ती कुणी उघडली हे सांगायला मशीनकडेही उत्तर नव्हतं.

सकाळी 11:00

सभागृह. समोर जिल्हाधिकारी, दोन्ही बाजूंना सगळ्या खात्यांचे अधिकारी, मध्ये अर्जदारासाठी एक खुर्ची आणि एक माइक. लोकशाही दिनाच्या नियमांत एक अट आहे: तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असली पाहिजे. संघटनेची, सार्वजनिक मागणीची इथे चालत नाही. आणि ही वैयक्तिक तक्रार ऐकायची कुठे, तर पन्नासेक माणसांसमोर माइकवर. ही सोय ज्यांनी केली त्यांच्या मनात अधिकाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला जावा असं असणार, आणि ते बरोबरच आहे. चारचौघांत विचारलं की अधिकारी हलतो, हे मी रोज बघते. पण खुर्चीवर बसलेल्या माणसालाही चारचौघांतच बोलावं लागतं.

आज एक बाई संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन आल्या. अनुदान मधेच थांबलं होतं. संबंधित टेबलवरच्या साहेबांनी चौकशीच्या सुरात विचारलं, "कुठल्या प्रवर्गात आहात? आजार कोणता?" या योजनेत विधवा येतात, घटस्फोटित येतात, आणि क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स असलेलेही येतात. बाई गप्प. मागच्या रांगेत त्यांच्याच तालुक्याचे चार लोक आपापलं टोकन धरून बसलेले. जिल्हाधिकाऱ्यांनी हात वर करून प्रश्न थांबवला आणि मला खूण केली. मी बाईंना शेजारच्या दालनात नेलं. एचआयव्ही असलेल्या माणसाला आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने त्या जपायच्या असतात, असं 2017 चा कायदा सांगतो. बाईंचा आजार कोणता होता ते मी इथे लिहिणार नाही. कुठलाही असता तरी तो प्रश्न माइकवर विचारायचा नव्हता. अनुदान थांबलं होतं ते बँक खात्यातल्या नावाच्या स्पेलिंगमुळे, आणि ते सापडायला आजाराचं नाव लागलंही नाही.

पुढच्या महिन्यापासून निराधार, शिधापत्रिका आणि कौटुंबिक वादाची टोकनं सभागृहाऐवजी दालनात ऐकायची, अशी टिपणी मी टाकली आहे. मंजूर होईल असं वाटतं. काही अधिकाऱ्यांना ती पटणार नाही, कारण बंद दारामागे अर्जदाराचा आवाजही बसतो. तोही मुद्दा खोटा नाही, म्हणून टिपणीत 'अर्जदाराने मागितल्यास' हे शब्द घातले.

दुपारी 1:15

डबा उघडला आणि फोन वाजला. तालुक्याच्या गावाहून, आवाज ओळखीचा. "ताई, त्या रेशन दुकानाबद्दल कुणीतरी अर्ज दिलाय म्हणे. कोण ते तेवढं सांगा. आपलाच माणूस असेल, समजूत घालतो." हा फोन दर महिन्याला येतो. माणूस बदलतो, वाक्य तेच असतं. यात धमकी कुठेच नसते. म्हणून तर नवीन कारकून सहज नाव सांगून बसतो. त्याला वाटतं, आपण तडजोड घडवली. संध्याकाळी 'समजूत' घालायला चार जण अर्जदाराच्या ओट्यावर येऊन बसतात, हे त्याच्या कानावर येत नाही.

मी सांगितलं, अहवाल मागवलाय, पत्र येईल. पलीकडे जरा रुसवा. फोन ठेवला.

आमच्याकडे नव्या माणसाला या टेबलावर बसवताना मी सत्येंद्र दुबे यांचं प्रकरण सांगते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या बिहारमधल्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र मात्र नावासकट या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेला त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयने तो लुटारूंनी केला असं मांडलं आणि 2010 मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. ते मान्य करूनही पत्र नावासकट फिरलं हे उरतंच, आणि ते कुणा गुंडाने फिरवलं नव्हतं. ते फिरलं टपालाच्या नेहमीच्या ओघात, माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातून.

त्यानंतर 2004 मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. पाकीट सीलबंद, पाकिटावर नाव नाही, नाव आतल्या पत्रात. आयोग पोचसुद्धा देत नाही, कारण पोच हाच तक्रारदाराच्या घरापर्यंत नेणारा माग. 2014 मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही.

दुपारी 2:30

आता दिवसाचं खरं काम. सकाळी आलेले अर्ज खात्यांना पाठवायचे. आमच्या पत्रांचं एक ठरलेलं वाक्य आहे: 'अर्जाची प्रत सोबत जोडली असून नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.' 'परस्पर' या एका शब्दात नाव, पत्ता, मोबाइल सगळं खाली जातं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर पोचतं. तक्रार मंत्रालयात केली तरी ती आमच्याकडे येते, आमच्याकडून तहसीलला, तहसीलमधून मंडळ अधिकाऱ्याकडे. प्रत्येक पायरीवर एक झेरॉक्स वाढते.

रेशन दुकानाच्या तक्रारीला प्रत जोडायची गरज नसते. 'अमुक दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडे असते, पावती दिली जात नाही', एवढं सार मी माझ्या शब्दांत लिहिते आणि अहवाल मागवते. तपासायचं आहे दुकान, अर्जदार नाही. शाळेतल्या पोषण आहाराचंही असंच. वेळ जास्त लागतो, कारण अर्ज नीट वाचावा लागतो. जोडपत्र लावणं सोपं असतं म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे.

पण सगळ्या तक्रारी अशा सोलून काढता येत नाहीत. आज एका विधवेचं निवेदन होतं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून दिराचं नाव लागलं, तिचं राहिलं. ती दिराच्याच घरात राहते. शेवटची ओळ: 'दिराला कळू नये ही विनंती.' जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला यायचं तर आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज केलेला असावा लागतो. तालुक्यात सगळे दिराच्या ओळखीचे, म्हणून तिथे ती गेलीच नाही. मग साधं निवेदन म्हणून घेतलं. आता फेरफार करायचा तर हितसंबंधितांना नोटीस काढावीच लागते, आणि इथे हितसंबंधित म्हणजे दीरच. ज्याचा हक्क जाऊ शकतो त्याला न सांगता नोंद करणं हा दुसरा अन्याय. गट नंबर लिहिला की नाव लिहिल्यासारखंच आहे. इथे मार्कर चालत नाही.

व्हरांड्यात ती अजून बसली होती. अर्जावरच्या मोबाइलबद्दल विचारलं तर घाईने म्हणाली, "त्यावर फोन करू नका बाई, घरात एकच फोन आहे, पुतण्याकडं असतो." नंबर आमच्या मशीनमध्ये भरला असता तर तक्रार नोंदवल्याचा मेसेज पहिला पुतण्याने वाचला असता. अर्जाच्या नमुन्यात 'संपर्क कसा करावा' असा रकानाच नाही. मोबाइल नंबर दिला म्हणजे तो आपला, असं आपण धरून चालतो.

दुपारी 4:00

माहिती अधिकाऱ्यांनी बोलावलं. एकाने वर्षभराच्या लोकशाही दिनाच्या सर्व अर्जांच्या प्रती मागितल्यात, नावापत्त्यासह. कारण विचारता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अर्जदाराकडून संपर्कापुरती माहिती सोडून काही विचारायचं नाही, आणि ते योग्यच आहे. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले, तेव्हापासून माहिती मागणाऱ्याचा पत्ता ही किती जपायची गोष्ट आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको. आज प्रश्न उलटा होता. मागणाऱ्याला जपायचं तसंच ज्यांचे अर्ज मागितले त्यांनाही.

माझं मत मी दिलं: दहाव्या कलमाने नावं, पत्ते, आजार, खाते क्रमांक वगळा आणि उरलेलं सगळं द्या. तक्रार कशाची, कुठल्या खात्याकडे गेली, किती दिवसांनी, काय उत्तर आलं. साहेबांचा कल सरसकट नकाराकडे होता. आठव्या कलमाचा 'जे' खंड नोव्हेंबर 2025 पासून बदलला. आधी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का हे तोलावं लागे. आता त्या खंडात 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. विधवेचं नाव झाकणारं हेच वाक्य उद्या अर्ज दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं नावही झाकेल, आणि मला याचीच धास्ती वाटते. पोटकलम दोन अजून आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ते मी पेन्सिलीने टिपणीच्या समासात लिहून ठेवलं. साहेबांनी खोडलं नाही.

सायंकाळी 5:15

पाठकोरे कागद. काटकसर म्हणून एका बाजूला छापलेला वाया कागद आम्ही कच्च्या प्रिंटला वापरतो. एकदा एका खात्याला गेलेल्या पत्राच्या मागे कुणाच्या तरी जातपडताळणीचा अर्ज छापलेला होता, फोटोसकट. तेव्हापासून अर्जांची पाठकोरी पानं वेगळ्या खोक्यात पडतात आणि कातरून जातात. आमच्या दप्तराच्या सहा गठ्ठ्यांपैकी शेवटचा, नाश करायच्या कागदांचा गठ्ठाही तसाच. रद्दीवाल्याला अखंड कागद विकायचा नाही. भेळेच्या पुडीवर शासकीय शिक्का बघितलेले लोक या गावात बरेच आहेत.

सायंकाळी 6:00

 जायच्या आधी मी विधवेला सगळं सांगितलं: नोटीस निघाली की दिराला कळणार. नोटीस नाही तर नोंद नाही. हवं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, आधी तिथे बोला. ती म्हणाली, माहेरी भावाला विचारते, बाजारच्या दिवशी स्वतः येते. अर्ज परत हवा का विचारलं, तर नको म्हणाली. तहसीलला पत्र काढलं नाही. अर्ज प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवला. महिन्याच्या गोषवाऱ्यात तो माझ्या नावावर प्रलंबित दिसेल आणि आढावा बैठकीत विलंबाचं कारण विचारलं जाईल. कारणाच्या रकान्यात 'अर्जदाराशी चर्चा चालू' असं लिहिलं, आणि संपर्काच्या रकान्यात मोबाइलऐवजी 'समक्ष'.