पांघरायच्या पासोडीवर जिज्ञासेचा पट

पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे सुती वस्त्र. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे वास्तव्य केलेल्या संतकवी दासोपंतांनी (१५५१-१६१५) अशा पासोडीवर चक्क ग्रंथ लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असलेले हे वस्त्र अंबाजोगाईत जतन करण्यात आले आहे.

त्यामागे एक मूलभूत जिज्ञासा आहे : ही सृष्टी कशाची बनली? पंचीकरणाच्या सिद्धांतानुसार पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश यांपैकी प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उर्वरित चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. हा गुंता केवळ शब्दांत समजावणे कठीण; आकृतीत मात्र तो चटकन उलगडतो. दासोपंतांनी ओव्यांच्या जोडीला आकृत्याही रेखाटल्या. पोथीत पान उलटले की मागचे नजरेआड होते. पसरलेल्या वस्त्रावर संपूर्ण विषय एकत्र पाहता येतो.

सर्जनशीलता ही मोजक्या प्रतिभावंतांची मिरासदारी, असा समज रूढ आहे. पासोडी वेगळेच सांगते. प्रश्नाचा ध्यास घेतला, की रोजच्या वापरातील वस्तूतही नवे साधन दिसू लागते.