डेस्कटॉपचा आरंभ (लिनक्स)

लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत संचालन प्रणालींमध्ये संगणक सुरू झाल्यावर चित्रमय डेस्कटॉप यावा की केवळ मजकुराचा पडदा यावा, हे वापरकर्त्यास ठरवता येते. विंडोज वापरून आलेल्या नवशिक्यास डेस्कटॉप म्हणजेच संचालन प्रणाली असे वाटते. लिनक्समध्ये मात्र तो प्रणालीवर चालणाऱ्या अनेक प्रोग्रॅमपैकी एक असतो. तो सुरू झाला नाही तरी संचिका बहुधा जागेवरच असतात. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्याच काळ्या पडद्याला घाबरून प्रणाली पुन्हा बसवणे आणि त्या भरात सारे साहित्य गमावणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

आरंभाचा क्रम

ग्रबसारखा बूटलोडर कर्नलला स्मृतीत आणतो आणि कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक नेहमी १ असतो. पूर्वी ती 'इनिट' असे. रेड हॅटच्या परंपरेत तिची तिसरी पातळी मजकुराची, तर पाचवी डेस्कटॉपची होती. फेडोराने २०११ मध्ये आणि डेबियनने २०१५ मध्ये तिच्या जागी 'सिस्टमडी' आणली. तिच्यात या पातळ्यांची जागा 'मल्टी-युजर.टार्गेट' आणि 'ग्राफिकल.टार्गेट' यांनी घेतली. दुसरे लक्ष्य पहिल्याला पोटात घेऊन त्यावर डिस्प्ले मॅनेजरची, म्हणजे नाव व परवलीचा शब्द विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, भर घालते. या जातीचा 'एक्सडीएम' १९८८ मध्ये आला. आज जीडीएम, एसडीडीएम आणि लाइटडीएम प्रचलित आहेत.

आरंभ बदलणे

पुढील आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' ही आज्ञा सध्याचे लक्ष्य सांगते. 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर.टार्गेट' दिल्यास पुढील वेळेपासून संगणक मजकुराच्या पडद्यावर थांबतो. त्याच आज्ञेत 'ग्राफिकल.टार्गेट' लिहिले की डेस्कटॉप परत येतो. 'सेट-डिफॉल्ट'च्या जागी 'आयसोलेट' लिहिल्यास बदल तत्क्षणी होतो. मात्र डेस्कटॉपवरून मजकुराकडे जाताना उघडे प्रोग्रॅम बंद होतात व न जतन केलेले काम जाते, म्हणून नवशिक्याने या आज्ञेपासून जपून असावे.

कायमचा बदल करण्याआधी एकदाच करून पाहणे शहाणपणाचे. ग्रबची यादी दिसत असताना 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट' लिहावे आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच टिकतो.

डेस्कटॉप न आल्यास

कंट्रोल, अल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या की बहुधा मजकुराचा पडदा मिळतो. तेथे परवलीचा शब्द टंकताना अक्षरे उमटत नाहीत. तो बिघाड नव्हे. प्रथम 'डीएफ -एच' या आज्ञेने साठवणुकीची जागा पाहावी. ती पूर्ण भरली असल्यास परवलीचा शब्द बरोबर असूनही डेस्कटॉप उघडत नाही, आणि हे कारण बहुतेकांच्या सर्वांत शेवटी लक्षात येते. जागा शिल्लक असल्यास 'जर्नलसीटीएल -बी' या आज्ञेने आरंभाची नोंद वाचावी.

मराठीत प्रणाली वापरणाऱ्यांना येथे आणखी एक अडचण येते. कर्नलच्या मजकूर-पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते. त्यामुळे देवनागरी संदेश व संचिकांची नावे चौकोनांच्या रूपात दिसतात. नावे शाबूत असतात, डेस्कटॉपवर परतताच ती पूर्ववत दिसतात. संदेश तात्पुरते इंग्रजीत हवे असल्यास 'एक्स्पोर्ट लँग=सी' ही आज्ञा पुरते.