मेपल सिरप गरम असतानाच बाटलीत का भरतात? कोमट भरलं तर काय बिघडतं?

कॅनडातलं क्युबेक, ओंटारिओ किंवा अमेरिकेतलं व्हरमाँट. हिवाळा संपत आला की या भागात मेपलच्या झाडांना बारीक भोकं पाडून रस गोळा करायला सुरुवात होते. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा थोडा वर, असं हवामान काही आठवडेच टिकतं. रस तेवढ्याच काळात वाहतो. पॅनकेकवर ओततात ते मेपल सिरप म्हणजे हाच रस, आटवून दाट केलेला.

या रसात साखर असते जेमतेम २ टक्के. त्यामुळे १ लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. घरामागच्या अंगणात चूल पेटवून सिरप करणाऱ्यांचा अख्खा दिवस यात जातो. एवढं करूनही काही महिन्यांनी बाटली उघडावी आणि वर बुरशीचा थर दिसावा, असं घडतं. अनेकदा गडबड झालेली असते ती शेवटच्या दहा मिनिटांत, बाटली भरताना.

एवढी साखर असताना बुरशी येते कशी?

तयार सिरपमध्ये साधारण ६६ टक्के साखर असते. ही साखर पाणी धरून ठेवते आणि बहुतेक जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. आपल्याकडे मुरांबा टिकतो तो याच कारणाने. पण काही बुरशी आणि यीस्ट इतक्या गोड पदार्थातही तग धरतात.

बाटलीत वर मोकळी जागा जास्त असेल तर तिथली वाफ थंड होते आणि पाण्याचे थेंब सिरपवर पडतात. वरचा पातळ थर कमी गोड होतो आणि बुरशी नेमकी तिथे धरते. सिरप कोमट असताना भरलं असेल तर झाकणाला, बाटलीच्या गळ्याला चिकटलेले बुरशीचे कण मेलेले नसतात. त्यांना आयतीच जागा मिळते.

पूर्वी ही अडचण मोठी होती. अनिशिनाबेसारखे तिथले मूळ रहिवासी हा रस पूर्ण आटवून त्याची साखरच करत, कारण ती टिकायची. आपल्याकडे काकवी आणि गुळात जो फरक, तोच इथे. हवाबंद डबे आणि बाटल्या आल्यावर पातळ सिरप वर्षभर ठेवणं सोपं झालं.

आधी बघा, सिरप तयार झालंय का?

पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच्या साधारण ४ अंश सेल्सिअस वर सिरप तयार होतं. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ च्या आसपास येतो. मात्र उंचीप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी उकळतं पाणी मोजायचं. पाणी ९९ अंशांना उकळलं, तर सिरप १०३ ला तयार.

सिरप पातळ राहिलं तर ते आंबतं. जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरतात. अचूक दाटपणा मोजायला हायड्रोमीटर वापरतात.

गाळायचं कधी?

उकळताना रसातली खनिजं वेगळी होऊन बारीक रेतीसारखा गाळ तयार होतो. तिकडे त्याला ‘शुगर सँड’ म्हणतात. तो खाल्ल्याने अपाय होत नाही, पण सिरप गढूळ दिसतं आणि दाताखाली कचकचतं. गार सिरप गाळणीतून उतरत नाही, म्हणून ते गरम असतानाच जाड फेल्टच्या गाळणीतून गाळतात.

बाटलीत भरताना किती गरम हवं?

गाळताना सिरप थंड होतं, म्हणून भरण्याआधी पुन्हा थर्मामीटर लावायचा. भरताना तापमान ८२ ते ८५ अंश सेल्सिअस असावं. कमी असेल तर मंद आचेवर वाढवायचं, पण पुन्हा उकळी आणायची नाही. उकळी आली की आणखी पाणी उडतं, नवा गाळ तयार होतो आणि गाळण्याचं काम परत करावं लागतं.

बाटल्या स्वच्छ, वास नसलेल्या आणि आधी गरम केलेल्या हव्यात. थंड काचेत गरम सिरप ओतलं तर काच तडकू शकते. शिवाय लहान बाटलीत सिरप झटकन थंड होतं. बाटली जवळपास गळ्यापर्यंत भरायची आणि नवं झाकण लगेच घट्ट लावायचं.

मग बाटली एक-दोन मिनिटं आडवी ठेवायची. गरम सिरप झाकणाला आणि गळ्याला लागतं आणि तिथले जंतू मरतात. ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच.

यानंतर बाटल्या एकमेकींना चिकटून ठेवायच्या नाहीत. मधे हवा खेळली नाही तर सिरप तासन् तास गरम राहतं, काळपट होतं आणि चव बदलते.

हातमोजे घालायला आणि मुलांना लांब ठेवायला विसरू नये. गरम सिरप कातडीला चिकटून राहतं, त्यामुळे ते पाण्यापेक्षा जास्त भाजतं.

तुमच्या घरी बाटली असेल तर?

बंद बाटली अंधाऱ्या, गार कपाटात राहते. काचेच्या बाटलीत रंग आणि चव जास्त काळ टिकते, कारण प्लास्टिकमधून हळूहळू हवा आत जाते. एकदा उघडलेली बाटली मात्र फ्रीजमध्येच ठेवा. फ्रीझरमध्येही चालते, साखरेमुळे सिरप दगडासारखं गोठत नाही.

तळाशी खडे दिसले तर घाबरू नका, ती साखर आहे. वर बुरशी दिसली तर? वरचा थर काढून, उकळून वापरायची जुनी पद्धत आहे, पण बुरशीने सोडलेली विषारी द्रव्यं उकळून जातीलच असं नाही. जिवावर येईल, पण ती बाटली फेकून द्या.