हौशी बॉक्सिंग : भीती कुठे, भरवसा कुठे

वाशिम जिल्ह्यात मुला-मुलींच्या खेळाचा विषय निघाला की कबड्डी, खो-खो, धावणे आणि कुस्ती ही नावे सहज पुढे येतात. बॉक्सिंगचे नाव निघाले की मात्र नाक फुटेल, दात पडतील, डोक्याला मार बसेल, पोरगं गावभर मारामाऱ्या करत हिंडेल, असे म्हणून घरातली वडीलधारी मंडळी नकार देऊन मोकळी होतात. या शंका अगदीच निराधार नाहीत आणि त्या हसण्यावारी नेणेही योग्य नाही. परंतु या खेळाबाबत भीती आणि भरवसा या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा चुकीच्या जागी ठेवल्या जातात. रिंगणातल्या ठोशाची धास्ती घेतली जाते, पण वजन उतरवण्यासाठी उन्हात पळण्याची घेतली जात नाही; डोक्यावरच्या जाड टोपीवर विश्वास टाकला जातो, पण मार लागल्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीला कोणी महत्त्व देत नाही.

पहिला घोटाळा व्यावसायिक आणि हौशी बॉक्सिंग एकच मानण्यातून होतो. दूरचित्रवाणीवर दिसणारी पैशाची लढत प्रत्येकी ३ मिनिटांच्या १२ फेऱ्यांपर्यंत चालू शकते, तर हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे शालेय स्पर्धेपासून ऑलिम्पिकपर्यंतच्या खेळात, प्रौढांची लढत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते, दोन फेऱ्यांमध्ये १ मिनिटाची विश्रांती असते आणि लहान वयोगटांत फेरीची वेळ आणखी कमी केलेली असते. प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडणे हेच जिंकण्याचे साधन, ही समजूतही येथे टिकत नाही. रिंगणाभोवती बसलेले ५ पंच प्रत्येक फेरीतील सरस खेळाडूला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण देतात. हे गुण देताना नियमात बसणारे स्वच्छ ठोसे किती लागले, तंत्र आणि डावपेच यांत कोण वरचढ ठरला आणि लढण्याची जिद्द कोणी दाखवली, एवढेच पाहिले जाते. ठोसा बंद मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या किंवा कमरेच्या वरच्या धडाच्या समोरील अथवा बाजूच्या भागावर बसला तरच तो धरला जातो, आणि त्या ठोशाने प्रतिस्पर्धी खाली पडला तरी त्यासाठी वेगळा गुण मिळत नाही. ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सविरुद्ध अंतिम लढतीत दिलेला निकाल इतका वादग्रस्त ठरला की १९९२ च्या ऑलिम्पिकपासून पंचांच्या हाती संगणकाची बटणे आली. त्या पद्धतीचेही दोष दिसल्यावर २०१३ पासून आजची १० गुणांची पद्धत रूढ झाली.

डोक्याच्या दुखापतीचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि सर्वाधिक चुकीच्या समजुतीही त्याच्याभोवतीच साठलेल्या आहेत. वारंवार मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या चालण्याबोलण्यात कालांतराने होणारा बिघाड हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने १९२८ साली नोंदवला, तेव्हापासून हा धोका वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तो प्रामुख्याने दीर्घकाळ खेळलेल्या व्यावसायिक खेळाडूंत आढळला; हौशी खेळाडूंवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात मेंदूच्या कायमस्वरूपी इजेचा सबळ पुरावा सापडला नाही, मात्र उपलब्ध अभ्यासांचा दर्जाच कमी असल्याचेही त्याच आढाव्याने सांगितले. म्हणून ‘हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा प्रशिक्षक आणि ‘बॉक्सिंग म्हणजे वेड लागणारच’ असे सांगणारा शेजारी हे दोघेही पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत असतात.

हेडगार्ड, म्हणजे डोक्याला बांधायची फोमची जाड टोपी, घातली की मेंदू सुरक्षित राहतो, ही समजूत तर सुशिक्षित पालकांतही आढळते. कवटीच्या आत द्रवात राहणारा मेंदू केवळ वरून बसलेल्या धक्क्याने नव्हे, तर डोके गरकन फिरल्यानेही दुखावतो. जबड्यावर बाजूने बसलेला हूक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, नेमके हेच करतो आणि फोम ही फिरकी पुरेशी रोखू शकत नाही. भुवई फाटणे, कान सुजणे, कातडी सोलवटणे यांपासून हेडगार्ड उत्तम संरक्षण देते. पण त्याने डोक्याचा आकार वाढतो, बाजूचे दिसणे कमी होते आणि काही खेळाडू अंगात आल्यासारखे बेफिकीर होऊन पुढे घुसतात. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली प्रौढ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकले, महिला आणि कुमार गटांत मात्र ठेवले, यावरून त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही हे लक्षात यावे.

खरे संरक्षण दिसायला साधे आहे. लढतीपूर्वी वैद्यकीय तपासणी होते, खेळाडू डळमळला की रेफरी खेळ थांबवून ८ पर्यंत आकडे मोजतो, आणि डॉक्टरला लढत मध्येच बंद करण्याचा सल्ला देण्याचा अधिकार असतो. डोक्यावरील ठोशामुळे लढत थांबली तर किमान ३० दिवस, ३ महिन्यांत असे दोनदा घडल्यास ३ महिने आणि वर्षभरात तीनदा घडल्यास पूर्ण वर्ष खेळाडूला रिंगणापासून दूर ठेवण्याचा दंडक आहे, आणि तो स्पॅरिंगलाही, म्हणजे सरावातील जोडीच्या लढतीलाही, लागू होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमकी इथेच गोम आहे. स्पर्धेत डॉक्टर असतो, नोंद होते. सरावाच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी लागलेला ठोसा कोणत्याही वहीत उतरत नाही आणि डोके दुखत असलेला मुलगा बुधवारी पुन्हा ग्लोव्हज बांधतो. मळमळ, उजेड सहन न होणे, घडलेले न आठवणे, झोपेचे बिघडणे यांपैकी काहीही दिसल्यास सराव बंद करून डॉक्टरकडे जाणे आणि त्यांच्या परवानगीनेच टप्प्याटप्प्याने परतणे, हा नियम लढतीपेक्षा सरावात जास्त पाळला गेला पाहिजे, कारण हौशी खेळाडू लढती मोजक्या खेळतो आणि स्पॅरिंग पुष्कळ करतो.

हात कणखर करण्यासाठी उघड्या मुठीने वाळूच्या पोत्यावर ठोसे मारावेत, हा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो आणि तो हमखास अंगाशी येतो. तळहातातील हाडे बारीक असतात. करंगळीमागच्या हाडाची मान चुकीच्या ठोशाने इतक्या वेळा मोडते की त्या अस्थिभंगाला बॉक्सरचेच नाव पडले आहे. म्हणूनच ग्लोव्हजच्या आत कापडी पट्टी बांधली जाते: फास अंगठ्यात अडकवून पट्टी आधी मनगटाभोवती, मग बोटे ताणून पसरलेली असताना मुठीच्या उंचवट्यांवरून, नंतर एकेका बोटाच्या बेचक्यातून अंगठ्याच्या बुडाशी आणि शेवटी पुन्हा मनगटावर आणून बंद करायची. मूठ वळल्यावर ती घट्ट बसावी, बोटे मोकळी सोडल्यावर नखे निळसर दिसू नयेत. स्पर्धेत वजनगटानुसार १० किंवा १२ औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ते ३४० ग्रॅमचे ग्लोव्हज असतात. स्पॅरिंगला त्याहून जड आणि मऊ वापरावेत. ठोशाचे बळही दंडातून येत नाही. मागच्या पायाची टाच वळते, त्याबरोबर कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. त्यामुळे नवशिक्याचे पहिले महिने पायांच्या हालचाली, दोरीच्या उड्या आणि आरशासमोरील शॅडो बॉक्सिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय हवेत ठोसे मारण्याचा सराव, यांतच गेले तर प्रशिक्षक वेळ दवडतो आहे असे समजू नये.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका वजनाचा आहे. लढती वजनगटांनुसार होतात, त्यामुळे अंगाने किरकोळ मुलाने या खेळात येऊच नये ही समजूत आपोआप बाद होते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा आणि महिलांचा ५० किलोचा होता. परंतु खालच्या गटात बसण्यासाठी पाणी पिणे बंद करणे, प्लॅस्टिकची पन्नी किंवा जाड जर्किन घालून पळणे, हे प्रकार सर्रास चालतात. घामाने उतरते ते पाणी, चरबी नव्हे. विदर्भात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर असताना हा उद्योग उष्माघाताला दिलेले निमंत्रणच असतो, आणि पाणी कमी झालेल्या शरीराची चपळाई व निर्णयशक्ती घटल्यामुळे रिंगणात मार जास्त बसतो. वाढत्या वयातील मुलाने ज्या वजनात तो धडधाकट आहे त्याच गटात खेळावे. आहाराबाबत मटण-अंड्यांशिवाय बॉक्सर घडत नाही असे मानण्याचे कारण नाही: या जिल्ह्यात घरोघरी पिकणाऱ्या तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये त्याहून कितीतरी अधिक असतात, फक्त सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात आणि ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

हा खेळ हरियाणा-मणिपूरचा, फार तर मुंबई-पुण्याचा, असे म्हणून वऱ्हाडाने स्वतःला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम ज्या जिल्ह्याचा भाग होता त्या अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात, बॉक्सिंग शिकवले जाते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून तेथे येऊन घडलेल्या अनंता चोपडे याने २०१९ साली इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. मुलींनी ठोसे खाऊन चेहरा बिघडवू नये, असे म्हणणाऱ्यांपुढे नागपूरची अल्फिया पठाण आहे, जिने २०२१ साली पोलंडमधील कील्त्से येथे जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचे विजेतेपद मिळवले. महिला बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये २०१२ सालीच आले, आणि त्याच वर्षी मेरी कोमने आई झाल्यानंतर कांस्यपदक आणले. वाशिमच्या शाळकरी खेळाडूला जिल्ह्यानंतर अमरावती विभाग आणि मग राज्य अशी पायरी चढावी लागते. पात्र ठरल्यास दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे, तरी केवळ त्यासाठी मुलाला रिंगणात ढकलणे बरे नव्हे.

वय उलटले म्हणून या खेळाची दारे बंद झाली असे समजणाऱ्यांसाठी एवढे पुरे की हौशी प्रौढ गटाची स्पर्धा १९ ते ४० वर्षांपर्यंत खुली असते. नोकरी किंवा शेती सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाने स्पर्धेत उतरलेच पाहिजे असेही नाही. दोरी, शॅडो बॉक्सिंग, बॅगवरील फेऱ्या आणि प्रशिक्षकाच्या हातातील पॅडवर मारलेले ठोसे एवढ्यातही दम, चपळाई आणि तोल यांची पूर्ण कसोटी लागते आणि डोक्याला एकही ठोसा लागत नाही.